रिकामी चौथी ओळ

"तिखला कसा झाला?" आईने विचारलं.

१. छान झालं आहे.
२. अजून थोडं वाढ.
३. तू जेवलीस का?

दिगंबर राऊळांनी मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि डाव्या हाताचं बोट तिसऱ्या ओळीवर टेकवलं. सदऱ्याच्या खिशातून त्यांचाच आवाज निघाला, भारदस्त, कुठेही न अडखळता. "तू जेवलीस का?"

आईच्या हातातला माशाच्या तिखल्याचा डाव होता तिथेच थांबला. लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्या घरात फक्त एकाच बाजूने विचारला गेला होता.

"शालू, आयकलंस?" ती दारात उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली. "माका इचारतत, जेवलंस काय! तेय पुस्तकातल्यासारख्या बोलण्यात. घरात पावणो इल्यासारखा वाटता गो." मग पदराने डोळे पुसत हसली. "ऱ्हवांदे असोच पावणो."

शाल्मलीही हसली. तिने जुळवलेलं यंत्र चाललं होतं.

[जतन केलं. इथून पुन्हा सुरू करता येईल.]

शाल्मली पुण्यातल्या एका कंपनीसाठी खेळ लिहायची. व्हिडिओ गेममध्ये खेळणारा आधी आपलं पात्र घडवतो, शूर की लबाड, प्रेमळ की खुनशी. मग वाटेत भेटेल त्याच्याशी काय बोलायचं ते समोर आलेल्या वाक्यांतून निवडतो आणि त्या निवडीप्रमाणे गोष्ट वळते. ही वाक्यं शाल्मलीची. नावाडी, धर्मशाळेतला म्हातारा, फितूर सेनापती, कोणाच्याही तोंडी घालायला तिच्याकडे वाक्यांची फांदी तयार असे आणि त्या फांदीला आणखी फांद्या. सवय इतकी जडली होती की रांगेत कोणी पायावर पाय दिला तरी तिच्या डोळ्यांपुढे आधी तीन ओळी उमटायच्या आणि मग पाय दुखायचा.

तिचे वडील दशावतारी नाटकातले राजपार्टी, म्हणजे कायम राजा होणारे नट. साधं लाकडी बाकडं, पण राऊळ त्यावर बसले की त्याचं सिंहासन होई. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. तोंडाला रंग लावता लावता मंडळातला जाणता माणूस त्या दिवसाची गोष्ट सांगतो, कोणी कोणामागून यायचं ते ठरतं, आणि संवाद? ते उभं राहिल्यावर सुचतील तसे. राजा राणीला काय म्हणणार हे राणीला ठाऊक नसतं, आणि खरं तर राजालाही नसतं.

म्हणून लेकीच्या धंद्याचा त्यांना अचंबा वाटे आणि चीडही येई. "आधीच लिवन ठेवलेला बोलणा म्हणजे शिळो भात," ते म्हणायचे. "समोरच्याच्या तोंडाकडे बघल्याबिगर काय बोलाचा ता तुका कळता तरी कसा?"

ह्यावर शाल्मलीकडे उत्तर होतं, पण ते तिने कधी दिलं नाही. लहानपणी एकदा तिने त्यांच्या पेटाऱ्यातला रंग तोंडाला फासला होता आणि बाकड्यासमोर उभी राहून "महाराजांचा विजय असो" म्हटलं होतं. अख्खं मंडळ हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी टॉवेल खोबरेल तेलात बुडवला आणि सगळ्यांसमोर तिचं तोंड पुसून काढलं. "बाईमाणसान रंगात उतराचा नाय आमच्यात." गाल नंतर बराच वेळ चुरचुरत होते. पुढे दुसऱ्या मंडळांतून बायका कामं करू लागल्या, ह्या मंडळात नाहीत. शाल्मलीने मग अशी जागा शोधली जिथे कोणीही कोणीही होऊ शकतं आणि टॉवेल घेऊन कोणी येत नाही.

गेल्या आषाढात दिगंबर राऊळांच्या मेंदूत डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा पडला. पाय काही महिन्यांत सावरला. समज शाबूत राहिली, आठवण शाबूत, राग-लोभ सगळे जागच्या जागी. फक्त विचाराकडून शब्दाकडे जाणारा रस्ता खचला. पाणी हवं असायचं, पाणी डोळ्यांपुढे असायचं आणि तोंडातून "त... त..." एवढंच यायचं. ज्या माणसाने आयुष्यात एक ओळ पाठ केली नाही, त्याच्याकडे आता एक ओळही उरली नव्हती.

शाल्मली सुट्टी घेऊन आली ती यंत्र घेऊनच. डोक्यातला शब्द बाहेरून वाचता येत नाही, कवटी न उघडता तरी नाही. पण शब्द सापडण्याआधी माणूस एक पवित्रा घेतो. होकाराकडे झुकतो, नकाराकडे झुकतो, चाल करून जातो किंवा चौकशी करतो. हा कल कानामागे चिकटवलेल्या पट्टीला बऱ्यापैकी पकडता येतो. पुढचं काम गेम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, करी. समोरचा काय बोलला ते ऐकायचं, ह्या स्वभावाचा माणूस ह्या घडीला काय म्हणेल ते ताडायचं आणि तीन वाक्यं पाटीवर, म्हणजे मांडीवरच्या टॅबवर, मांडायची. त्यांनी एकाला बोट लावलं की खिशातला स्पीकर जुन्या नाटकांवरून शिकलेल्या त्यांच्या आवाजात ते म्हणून टाकी. पुढेमागे रुग्णालयांना देता येईल म्हणून कंपनीनेही इंजिन वापरू दिलं.

राहता राहिला स्वभाव. गेममधल्या पात्रासारखाच तोही मांडावा लागतो. थट्टा, माया, अभिमान, धीर, राग, प्रत्येकाला काही गुण द्यायचे, आणि गुण मोजकेच असल्यामुळे एक वाढवायचा तर दुसरा उतरवावा लागतो. इंजिनने जुनी चित्रणं पाहून बाबांचा स्वभाव आपला आपण मांडला होता. राग सगळ्यांच्या वर. त्याखाली थट्टा. माया त्याला फारशी सापडली नव्हती.

शाल्मली त्या मांडणीकडे पाहत बसली.

१. आहे तसं ठेव.
२. राग थोडा उतरव. आजारी माणसाला बरा नव्हे.
३. राग तळाला ने. ते सगळे गुण मायेत टाक.

तिने तिसरं निवडलं. कोणाला विचारलं नाही. विचारायचं होतं तो माणूस पडवीत खुर्चीवर बसून पोफळीकडे बघत होता.

आणखी एक गोष्ट तिने केली, ती मात्र निव्वळ सवयीने. खेळणारा फार रेंगाळला तर गोष्ट थंडावते, म्हणून गेममध्ये एक घड्याळ असतं. वेळ संपला की पहिलं वाक्य आपोआप बोललं जातं. ते घड्याळ तिने इथेही राहू दिलं. गप्प बसणं अशी एक चौथी ओळ माणसाला लागते हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

*

एका दुपारी तिने त्यांना आपला नवा गेम दाखवला. त्यातला नावाडी खेळणाऱ्याला पलीकडे नेतो आणि जाता जाता त्याच्याच गावाची गोष्ट त्याला ऐकवतो. बाबा शेवटपर्यंत पाहत राहिले.

"कसा वाटला?" तिने विचारलं.

१. मला तुझा अभिमान आहे.
२. फार मेहनत घेतलीस.
३. पुन्हा दाखव.

"मला तुझा अभिमान आहे," खिसा म्हणाला.

शाल्मली उठली ती थेट न्हाणीघरात. तोंडावर पाणी मारलं. रडली, हसली, परत पाणी मारलं. आरशात पाहताना तिला एक गोष्ट आठवू लागली आणि तिने ती आठवू दिली नाही. बाबांचं बोट पाटीवर नव्हतं. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता.

[जतन केलं.]

*

सुहास तेली आला तो रिक्षा अंगणात उभी करून, आल्या आल्या ओरडतच. "काय रे म्हाताऱ्या! असंस मां जिवंत?" दिवसा तो कुडाळच्या स्टँडवर रिक्षा चालवी आणि रंगात बाबांची राणी होई. अर्धं आयुष्य बाबांनी त्याला "प्रिये" म्हटलं होतं आणि उरलेलं "मेल्या".

"जत्रेक रंगात येतलंस? शालूचा मशीन बोलतला, तू नुसतो बाकड्यार बस. लोक तुका बघूक येतले रे."

बाबा पोफळीकडे पाहू लागले. कपाळावर आठी चढली, उतरली, पुन्हा चढली. काहीतरी चाललं होतं आत.

"हो," खिसा म्हणाला. "नक्की येईन."

सुहासने टाळी वाजवली, चहा घेतला आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगून मोकळा झाला.

त्या दिवसापासून बाबांनी पाटीला बोट लावणं सोडलं. वाक्यं यायची, घड्याळ संपायचं, खिसा गोड बोलायचा. छान झालं आहे. हरकत नाही. तुम्ही म्हणाल तसं. बाबा पोफळीकडे बघत राहायचे, जणू शेजारच्या घरातला रेडिओ लागलाय.

आईने सुरुवातीला काही म्हटलं नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता तिने सुरी खाली ठेवली.

"शालू, पावणो आता जावक व्हयो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? म्हयनो झालो, एकदाय माझ्यार वराडले नाय. मी बोलतंय, ते बरा बरा म्हणतत. भांडाचा कोणावांगडा मी? भिंतीवांगडा?" ती पुन्हा सुरी उचलत म्हणाली. "माका माझो घोव व्हयो."

*

सुहास पुन्हा आला, पण ह्या वेळी ओरडला नाही. पडवीच्या पायरीवर उभा राहून त्याने बाबांकडे नुसतं पाहिलं. मग गळ्यातला रुमाल काढून डोक्यावर पदरासारखा घेतला, कमरेत किंचित लचकला आणि रिक्षावाल्याच्या अंगात राणी आली.

"महाराज! तीन प्रहर झाले, आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. दुसरी कोणी मनात भरली की काय?"

बाबांची मान वळली. खुर्चीत बसलेला आजारी माणूस ताठ झाला, हनुवटी वर गेली, डावा हात मांडीवर थापटला गेला. राजाला राग आला होता. शाल्मलीच्या अंगावर काटा आला, कारण हा राग तिला पाठ होता.

"शांत हो," खिसा म्हणाला. "आपण बसून बोलूया."

सुहासचा पदर गळून पडला. "ह्यो कोण बोललो?"

बाबांनी खिशात हात घातला, स्पीकर काढला आणि शेजारच्या पाण्याच्या कळशीत सोडून दिला. डुबुक. मग कानामागची पट्टी ओढून काढली, तीही त्याच मार्गाने गेली.

"ह्यां बरा केलंस," सुहास म्हणाला, आणि क्षणात पुन्हा राणी होऊन पुढे सरसावला. "महाराजांची वाचा ऋषींच्या शापाने गेली म्हणतात. हरकत नाही, आम्ही ओळखू. महाराज आम्हाला काय म्हणू पाहतात? रूपवती?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"गुणवती?"

नाही.

"आमच्यासारखी चतुर राणी त्रिखंडात नाही, असं?"

नाही, नाही. बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ मिटले, उघडले. "म... म..."

"मधुर?" राणीने पापण्या फडफडवल्या. "मनमोहिनी?"

"मू..."

"मूल्यवान!"

"मूर्ख!" बाबा गरजले.

पूर्ण शब्द. जोडाक्षरासकट. माजघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आई बाहेर धावत आली. बाबा स्वतःच चकित होऊन बसले होते. सुहास पायरीवर बसून रडत होता की हसत होता कळेना.

"म्हाताऱ्या," तो म्हणाला, "वरसभरान बोललंस, ता पण ह्यां!"

*

"काका, तुम्ही काय केलंत ते मला सांगा," शाल्मली त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेली तेव्हा म्हणाली.

"काय्येक नाय. रोजचाच ता." सुहासने हँडलवर हात ठेवला. "रंगात गडी अडकता गो. सगळेच अडकतत. मग समोरच्यान काय करूचा? तेचा वाक्य आपण बोलाचा नाय. ता बोललंस तर गडी मेलो. समोरच्यान चुकीचा बोलाचा, चिडवचा. मग तेच्या तोंडात आपसूक येता."

"म्हणजे मी..."

"तू तेची सगळी वाक्यां बोलत ऱ्हवलंस," तो म्हणाला, रागाने नाही, सांगायचं म्हणून. मग किक मारली.

ती परत आली. बाबा पडवीतच होते. कळशीच्या तळाशी स्पीकर दिसत होता.

तिच्या डोळ्यांपुढे तीन ओळी आल्या, तिन्ही सफाईदार, तिन्हींत ती थोडीशी सुटत होती. तिने त्यांतली एकही घेतली नाही.

"बाबा, यंत्रातला तुमचा राग मी काढून टाकला होता," ती म्हणाली. "मुद्दाम."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. ओठ हलले.

ती घाईने काही म्हणणार होती, पण गप्प राहिली. घड्याळ नव्हतं. पोफळीवरून एक पान सुटून खाली आलं.

"ठा..." बाबा म्हणाले. "ठाव."

ठाऊक आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगायला मात्र तिने ओळ ठेवली नव्हती.

[इथून पुन्हा.]

मेंदूतला शब्द मेलेला नसतो. नेहमीची वाट बंद झालेली असते, पण त्याच्याकडे जाणाऱ्या आडवाटा पुष्कळ असतात. पहिलं अक्षर ऐकलं तर शब्द हलतो, चालीत म्हटलं तर हलतो. आणि समोरच्याने चुकीचं बोललेलं खोडून काढायची खुमखुमी आली, तर कधीकधी झोपेतून उठल्यासारखा तोंडातून बाहेर पडतो. वाचा-उपचार करणारे हे जाणतात. पण दिवसभर न कंटाळता चुकीचं बोलत राहील असा माणूस त्यांना कुठून मिळणार?

शाल्मलीने इंजिन उलटं फिरवलं. आता ते बाबांचं तोंड नव्हतं. ते समोरचं पात्र होतं. बाबांच्या स्वभावाची मांडणी तिने पुसून टाकली आणि त्या समोरच्याचा स्वभाव घडवायला घेतला. थट्टा भरपूर. धीर सगळ्यांच्या वर. अभिमान शून्य, कारण त्याने हरायचं होतं. घड्याळ काढलं. त्याला मालवणी शिकवायला सुहासची रिक्षा कामी आली, गिऱ्हाइकांशी त्याची होणारी हुज्जत ऐकून ऐकून इंजिन तयार झालं. नवी पट्टी बाबांचा कल सांगायची आणि समोरचा नेमकं त्याच्या विरुद्ध काहीतरी बरळायचा. आयुष्यभर नेमकी वाक्यं लिहिलेल्या शाल्मलीला चुकीची वाक्यं लिहायला शिकावं लागलं, आणि ते फार अवघड निघालं. नुसतं चुकीचं चालत नाही. चीड येईल इतपतच, मन दुखणार नाही असं चुकीचं हवं.

"तिखला कसा झाला?" आईने विचारलं.

१. गोड झाला.
२. ह्येच्यात मासो आसा काय?
३. तिखला? माका वाटला खीर.
४.

चौथी ओळ रिकामी होती. तिच्या टोकाला फक्त एक ठिपका होता, ऐकतोय असं सांगणारा.

बाबांनी तिसरी ओळ वाचली आणि पाटीवर फटका मारला. "ख... खा..."

"खासा?" पाटीने साळसूदपणे विचारलं.

"खारट!"

"खारट?" आई उभीच राहिली. "खारट म्हणतत! म्हयनोभर छान छान म्हणान खाल्ल्यानी, आणि आता खारट? मिठाचो डबो कोणी उघडो ठेवलो होतो काल?"

"तू!" बाबा म्हणाले, एका फटक्यात, कुठेही न अडखळता.

भांडण चांगलं रंगलं. आईला शंभर शब्द लागले, बाबांना चार. आई हरली, आणि त्या दिवशी तिने अंगणात रांगोळी जरा मोठी काढली.

*

जत्रेचा प्रश्न तसाच होता. गावात नाटकाचे कागद लागले होते, त्यांवर बाबांचं नाव होतं. होकार दिला होता खिशाने.

शाल्मलीने पाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, रंगात जायचंय?"

ती थांबली. कावळा ओरडला, पलीकडे कोणी पंप सुरू केला. ती थांबून राहिली.

"भ..." बाबा म्हणाले. "भय."

राजे, सम्राट, चक्रवर्ती झालेल्या ह्या माणसाच्या तोंडून तिने हा शब्द कधी ऐकला नव्हता. तिन्ही लोक चालून आले तरी त्याला कधी भय वाटलं नव्हतं. तिला त्यांचा हात धरावासा वाटला. तिने धरला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जा... जातंय."

*

रात्रभर चालणारी नाटकं आता संध्याकाळवर आली होती. देवळामागच्या मांडवात बाबांनी आपला रंग आपणच लावला, डाव्या हाताने. एक भुवई वर गेली, एक खाली. सुहास नीट करायला पुढे आला तर त्याला ढकलून दिलं. कानात एक बारीकसं यंत्र होतं, त्यात चुकीचं बोलणाऱ्या समोरच्याचा आवाज. बाजूच्या कनातीआड पाटी घेऊन शाल्मली.

पायपेटी वाजली, मृदंग घुमला. बाबा आले, बाकड्यावर बसले, आणि बाकड्याचं सिंहासन झालं. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की सुहासला थांबावं लागलं.

शापाने वाचा गेलेल्या राजाची गोष्ट होती. राणीने चिडवलं, समोरच्याने कानात चुकीचं कुजबुजलं, आणि राजा एकेक शब्द उपसून काढू लागला. "नको." "मूर्ख." "सेनापती", हा तर चार अक्षरांचा. हरेक शब्दाला लोक श्वास धरायचे आणि सोडायचे. असा प्रयोग त्या देवळात कोणी पाहिला नव्हता.

मग मृदंग वाढला. मृदंगात कानातल्या यंत्राला काही ऐकू येईना. ते भलतंच बोलू लागलं. बाबांचा चेहरा गोंधळला. त्यांनी यंत्र कानातून काढलं, बाकड्यावर ठेवलं आणि उभे राहिले.

"महाराज काही सांगू इच्छितात?" राणी म्हणाली. "युद्ध? वनवास?"

बाबा राणीकडे पाहत नव्हते. त्यांचा डावा हात कनातीकडे रोखलेला होता.

मृदंग थांबला. पायपेटी थांबली. लोकांत कोणी खोकलं. बाबांचे ओठ हलत होते, काही येत नव्हतं, आणि हात तसाच होता.

१. पडदा टाकायला सांग.
२. कोणाला तरी पाठवून कानात यंत्र घाल.
३. सुहासकाका सांभाळून घेतील.
४.

शाल्मलीने पाटी जमिनीवर ठेवली.

[इथून पुन्हा सुरू करता येणार नाही.]

ती कनातीतून बाहेर आली. अंगावर कुर्ता, पायात काही नाही, तोंडाला रंग नाही. मांडवातून कुजबुज उठली. पेटीवाल्याने मंडळाच्या मालकांकडे पाहिलं, मालकांनी सुहासकडे. सुहास राणीच होता, तो फक्त पदर सावरून बाजूला झाला.

"महाराज," ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा म्हटलं, "महाराज, द्वारपाल हजर आहे. काय आज्ञा? रथ हवा?"

मान हलली. नाही.

"सैन्य?"

नाही.

"वैद्य?"

लोक हसले. बाबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. आता एक नेमकं चुकीचं वाक्य हवं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. कित्येक वर्षं ठाऊक होतं.

"मग ह्या द्वारपालाला हाकलायचं आहे?" ती म्हणाली. "बाईमाणूस दरबारात उतरलं म्हणून?"

राजा दोन पावलं पुढे आला. त्याने आपल्याच गालावरून बोटं फिरवली, अजून ओला असलेला रंग घेतला आणि तिच्या कपाळावर एक आडवी रेघ ओढली. मग दोन्ही गालांवर. डाव्या हाताच्या रेघा वाकड्या आल्या. रंग थंड होता.

"ना..." बाबा म्हणाले. "नाय."

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायचं सुचलंच नाही कोणाला.

आणि आता द्वारपालाची पाळी होती. शाल्मलीने तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की डोळ्यांपुढे एकही ओळ नाही. एक नाही, तीन नाहीत. तिच्यासमोर अख्खं गाव होतं आणि तिला काही येत नव्हतं.

बाबांनी वाट पाहिली. मग वाकड्या भुवईखालून तिच्याकडे बघत, एकेक शब्द जागेवरून हलवत, ते म्हणाले:

"काय गो... लिवन... आणूक नाय?"

मांडव कोसळेल असा हशा उठला. सुहास पदरात तोंड लपवून वाकला. आई पहिल्या रांगेत होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती. मृदंगवाल्याने आपण होऊन एक थाप दिली.

शाल्मलीचे कान तापले. गालांवरचा रंग वाळून ताणू लागला होता. समोर बाबा उभे होते, हनुवटी वर करून, ओठाच्या कोपऱ्यात जुनी खवचट मुरड घेऊन, अडकलेल्या गड्याला जागा देत.

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बोलायला लागली.